अर्ध्या दिवसाची पाहुणी

होर्मुझ बेटाच्या धक्क्यावर झैतूनचं नाव काढलं की टमटमवाले दोन गोष्टी सांगत. एक, ती रांगेतला आपला नंबर सोडत नाही आणि दुसऱ्याचा मागत नाही. दोन, ती उभी असताना बेटावरची माती कुणाच्या बापाला बोटीत चढवता येत नाही.

आमची माती लाल. ओली झाली की रक्तासारखी दिसते, वाळली की कुंकवासारखी उडते. शहरातली माणसं सकाळच्या बोटीनं उतरतात, टमटममधून अर्धा दिवस हिंडतात, दऱ्या बघून ‘अहाहा’ करतात आणि जाताना ही माती पिशवीत भरतात, मोज्यात भरतात. एका बाईनं तर तान्ह्या पोराच्या दुधाच्या बाटलीत भरली होती. वर म्हणणार, “एवढीशी तर आहे!” एवढीशी म्हणणाऱ्यांनी रांग लावली की डोंगर बसतो, हे त्यांना कुणी सांगायचं? झैतून सांगायची. धक्क्याच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. “साहेब, तुमच्या दारातली फरशी उचलून नेली तर चालेल? नाही ना? मग ओता.” आणि ओतायची ती सिमेंटवर नाही. तिच्या ओंजळीत. संध्याकाळी ती माती डोंगराच्या पायथ्याशी नेऊन टाकायची, मगच घरी जायची.

त्या हिवाळ्यात तिनं गनीच्या एका गिऱ्हाइकाची पिशवी रिकामी केली. गनी म्हणजे तिच्याच वयाचा टमटमवाला, सगळे त्याला खालू म्हणत, म्हणजे मामा. गिऱ्हाईक म्हणजे बडी असामी, पुढच्या महिन्यात अख्खी कचेरी फिरायला आणतो म्हणाला होता. पिशवी ओतावी लागली तसा लालबुंद होऊन बोटीत चढला, तो पुन्हा दिसला नाही.

“तुझ्या घरचं कुणीतरी येईल ना एखाद दिवशी,” गनी दात खात म्हणाला, “तेव्हा बघतो मी ही तुझी ओंजळ!”

“माझ्या घरचं उरलंय कोण यायला?” झैतून म्हणाली.

गनी टमटमकडं वळला. कारण ते खरं होतं. नवरा समुद्रानं नेला होता. एकच लेक, मर्वारीद. तिचं शिराजला लग्न झालं आणि ती तिकडेच गेली.

लेक बेटाबाहेर जाते तेव्हा आमच्याकडे एक रीत आहे. बोटीत चढताना आई तिच्या हातात लाल मातीची पुरचुंडी देते. बेटावरून माती नेण्याचा हक्क फक्त तिचा. खारवलेल्या तारल्यांत ही माती घालून उन्हात मुरवली की त्याचं सूराग होतं, आणि सूराग नसेल तर बेटाच्या पोरीला भाकरी गोड लागत नाही. मर्वारीदनं दोनदा पुरचुंडी नेली. तिसऱ्यांदा न्यायला ती उरलीच नाही. ताप डोक्यात गेला. तिची पोर तेव्हा रांगत होती.

झैतूनला निरोप मिळाला त्या दिवशी वारा सुटला होता आणि बोटी बंद होत्या. वारा पडेपर्यंत ती धक्क्यावर बसून राहिली. शिराजला पोचली तेव्हा लेकीला पुरून झालं होतं. मग सुतकाच्या घरात, चारचौघांत, तिनं विहिणीला विचारलं, “माझी पोर मातीत घालायला एवढी कसली घाई होती? प्रेताला काय पाय फुटणार होते?” विहीण म्हणाली, “काढा हिला बाहेर.” ते दार तेव्हापासून बंद. जावयानं, हूमननं, दुसरं लग्न केलं. नात, दोर्सा, कशी दिसते, कशी बोलते, काय खाते, काही कळायला मार्ग नव्हता.

आणि अचानक फोन आला.

“झैतून खानम, मी हूमन.”

एके काळी हाच तिला ‘नने’ म्हणायचा, आई.

“आमची आई गेली गेल्या महिन्यात,” तो म्हणाला. “दोर्साला घेऊन येतोय. मी, नाझिला आणि ती. सकाळच्या बोटीनं येऊ, दुपारच्या बोटीनं परत. बेट बघायला.”

झैतूननं फोन कानाशी घट्ट धरला.

“पण ऐका. तिला काही ठाऊक नाही. ती नाझिलालाच आई समजते. मोठी झाली की सांगू. नाझिलाला एवढंच माहीत आहे की मर्वारीद इथली होती, तुमच्याविषयी मी काही बोललेलो नाही. तुम्ही फक्त… टमटम चालवा.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाकीच्यांना फिरवता तसं फिरवा. तोंडातून एक शब्द जाता कामा नये. नीट पार पडलं तर दर वर्षी आणीन तिला. नाहीतर मग…”

ढगांशीसुद्धा भांडण उकरून काढणारी बाई ती. पण त्या दिवशी म्हणाली, “बरं.”

ते येणार त्या सकाळी ती धक्क्यावर आली तर गनीनं डोळेच चोळले. झैतूननं मुखवटा घातला होता. कपाळापासून वरच्या ओठापर्यंत सगळं झाकणारा, लाल भरतकामाचा, बेटावरच्या जुन्या बायका घालत तसा, तिच्या आईचा. फोटोसाठी मुखवटा घाला म्हणणाऱ्या पाहुण्यांना ती आजवर शिव्या घालत आली होती.

“हे काय गं? तूपण फोटोवाल्यांची माकडीण झालीस?”

“डोळे आलेत.”

“डोळे तर उघडेच आहेत तुझे!”

खरं कारण कुणाला सांगणार? मर्वारीदचं तोंड म्हणजे झैतूनचंच तोंड होतं, नाक, गाल, सगळं. पोरीच्या चेहऱ्यात तेच उतरलं असेल तर दोघींना शेजारी बघून आंधळ्यालाही कळलं असतं.

पण मुखवट्यापेक्षा कठीण काम पुढेच होतं. धक्क्यावर नंबराचा कायदा कडक. बोटीतून उतरेल तो पाहुणा पहिल्या टमटमचा. निवडायचं नाही, नाकारायचं नाही. आणि आज पहिला नंबर गनीचा होता.

“गनी,” ती म्हणाली, “आजचा नंबर दे.”

“काय म्हणालीस?”

“ऐकलंस तू.”

“नाही ऐकलं. कानात मीठ गेलंय. मोठ्यानं बोल, सगळ्यांना ऐकू दे, झैतून मागतेय!”

मागं तीन-चार टमटमवाले चहाचे पेले हातात धरून हसायला लागले. दुसरा दिवस असता तर तिनं गनीच्या सात पिढ्या उकरल्या असत्या. तिनं मान खाली घातली.

“मागतेय. दे.”

गनीचं हसू मावळलं. या बाईला मान खाली घालताना त्यानं कधी बघितलं नव्हतं, आणि बघायला त्याला वाटलं होतं तितकी मजा आली नाही. “घे बाई,” तो म्हणाला आणि टमटम मागं घेतली.

बोट लागली. हूमन सगळ्यांत आधी उतरला, केस पांढरे व्हायला लागलेले. पाठोपाठ एक सडसडीत, दमलेल्या डोळ्यांची बाई, आणि तिचा हात धरून नऊ वर्षांची पोर. पिवळी टोपी, गुडघ्यावर खरचटलेलं. तिनं उडी मारून धक्क्यावर पाय ठेवला, मान वर केली, आणि झैतूनला वाटलं, बरं झालं मुखवटा घातला.

“सलाम,” हूमन म्हणाला. परक्यासारखा. “बेट दाखवणार का?”

“दाखवते. बसा.”

“मी उभी राहू?” पोरीनं विचारलं.

“दोर्सा, बस गप,” नाझिला म्हणाली.

“राहू दे उभी,” झैतून म्हणाली. “फक्त मला घट्ट धरायचं. खड्डे आमचे वाईट आहेत.”

पोरीनं मागून तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. टमटम निघाली. झैतूननं त्या दिवशी जितकी हळू चालवली तितकी तिनं नवी नवरी घेऊनसुद्धा कधी चालवली नव्हती. खड्डा आला की बोटं खांद्यात रुतायची, खड्डा गेला की सैल व्हायची. मग ती मुद्दाम खड्डे शोधू लागली.

पहिला थांबा पुतळ्यांच्या दरीचा. वाऱ्यानं खडक असे कोरलेत की बघेल त्याला त्यात काहीतरी दिसतं. झैतून रोजची वाक्यं रोजच्या सुरात म्हणायला लागली, हा गरुड, ही अजगराची मान. पोर मध्येच एका बोजड, नाक पुढे आलेल्या दगडासमोर थांबली आणि खुदकन हसली.

“ही तर तुम्ही आहात, खाला! रागावल्यासारख्या!” खाला म्हणजे मावशी, कुणाही बाईला म्हणतात तसं.

“दोर्सा!” नाझिला ओशाळून म्हणाली. “माफ करा हं.”

मर्वारीद याच वयाची असताना याच दगडाला म्हणाली होती, ‘नने, ही तू, माझ्यावर ओरडताना.’

“बरोबर आहे तुझं,” ती म्हणाली. “आमच्या इथल्या एका मुलीनं या दगडाला नाव ठेवलं होतं. रागीट बाई.”

“कोण मुलगी?”

हूमन खोकला.

“होती एक,” झैतून म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लेकीचं नाव घ्यायला बंदी होती, लेकीविषयी बोलायला कुठं होती? निदान झैतूननं स्वतःची तशी समजूत घातली. लाल किनाऱ्यावर लाटा लाल होऊन फुटत होत्या, वाळूत चंदेरी कण चमकत होते. ती म्हणाली, ती मुलगी ही वाळू गालाला लावून नवरी व्हायची. चिंकारा दिसला तेव्हा म्हणाली, त्या मुलीनं एक पाडस घरात लपवलं होतं, त्यानं तिच्या आईची ओढणी खाल्ली. दोर्सा एकेका गोष्टीला पोट धरून हसत होती, आणि पुन्हा खांदे धरले की कानाशी विचारत होती, “मग काय केलं तिनं? मग?” आठ वर्षं साठवलेलं होतं सगळं. एवढ्याशा कानात किती ओतू असं झालं होतं झैतूनला.

हूमन मागं बसून समुद्राकडं बघत होता. त्यातल्या निम्म्या गोष्टी त्यानं मर्वारीदच्या तोंडून ऐकल्या होत्या.

“ती मुलगी आता कुठे असते?” दोर्सानं विचारलं.

“लग्न होऊन शिराजला गेली.”

“आम्ही शिराजचेच आहोत!” पोर टाळ्या पिटत म्हणाली. “नाव काय तिचं? बाबा, आपण शोधूया तिला?”

हूमन चालत्या टमटममधून उतरतो की काय असं वाटलं. “शिराज मोठं आहे बाळ,” तो म्हणाला.

“ती येत नाही इकडे?”

“नाही येत,” झैतून म्हणाली.

“का? भांडण झालं का आईशी?”

“आईशी नाही.”

शांततेच्या दरीत खडक मिठाचे आहेत. तिथं कुणी बोलायचं नाही. सगळे गप्प झाले की मीठ तडकताना ऐकू येतं, टिच, टिच, जणू डोंगर आतून उलतोय. दोर्सानं डोळे मिटले आणि ओठांवर बोट ठेवलं. हूमन आणि नाझिला वळणापलीकडं राहिले होते. दोघीच होत्या. झैतूनला मिठाचा आवाज ऐकूच आला नाही, पोरीचा श्वास तेवढा येत होता. शब्द जिभेवर येऊन बसला होता, आता नुसतं तोंड उघडायचं होतं. तिनं मिठाच्या भिंतीवर तळवा घासला, इतका की सोलवटला.

“ऐकलंत?” पोर कुजबुजली.

“ऐकलं.”

“मला वाटतं डोंगराला काहीतरी सांगायचंय.”

“असेल,” झैतून म्हणाली. “चल, भूक लागली असेल तुला.”

फिरतीतलं खाणं तिच्याच घरी असायचं. अंगणात बोरीचं झाड, झाडाखाली चूल, चुलीवर पालथा तवा. पातळ पीठ ओंजळीनं घेऊन तव्यावर गरकन फिरवायचं, वर अंडं फोडायचं, सूराग शिंपडायचं. याला तोम्शी म्हणतात. शहरातल्या पोरांना सूरागचा वास सोसत नाही. नाक मुरडतात, साखर मागतात. झैतून त्यांना चिडवते, ‘माती खाल्ल्याशिवाय बेट कळत नाही.’ आज तिनं चिडवलं नाही. पहिली तोम्शी पोरीच्या हातात दिली आणि तवा सोडून तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

दोर्सानं वास घेतला. एक घास घेतला. थांबली. मग सगळी संपवली आणि बोटं चाटली.

“अजून एक आहे?”

“घरी काही खात नाही ही!” नाझिला चकित होऊन म्हणाली. “मासा म्हटलं की टेबलाखाली लपते.”

दुसरी भाजताना धूर झैतूनच्या डोळ्यांत गेला, मुखवट्याच्या आत पाणी साचलं, समोरचं काही दिसेना. पोर विहिरीकडं पळाली होती, हूमन तिच्यामागं. झैतूननं पाठ फिरवून मुखवटा वर केला आणि ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं. वळली तर नाझिला पाण्याचा पेला घेऊन समोर उभी.

नाझिला बघत राहिली. तिच्या कपाटात, लग्नाच्या अल्बममागं, हूमनच्या पहिल्या बायकोचा एक फोटो होता. तो तिनं कधी फेकला नव्हता.

“पाणी,” नाझिला म्हणाली. पेला तिच्या हातात दिला. आणि झैतूनला, जी इतकी वर्षं या अनोळखी बाईचे मनातल्या मनात केस उपटत आली होती, तिला तिचा राग करता येईना. कारण पोर परत आली तेव्हा नाझिलानं न बघता, सवयीनं, तिच्या ओठावरचं लाल सूराग बोटानं पुसलं. असं पुसायला वर्षं जातात.

“सूरागमध्ये खरंच माती असते?” दोर्सानं विचारलं.

“असते. म्हणून तर आमच्या मुली लग्न होऊन जाताना माती घेऊन जातात. त्यांनाच नेता येते. बाकी कुणाला चिमूटभर नाही.”

“ती पण घेऊन गेली? ती शिराजची?”

“दोनदा.”

“मग संपली असेल आता तिची.”

झैतून तवा खरवडत होती. “असेल,” ती म्हणाली. पोरीच्या डोक्यात काय शिजतंय हे तिला दिसायला हवं होतं. कुठल्याही दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत तिनं ते वाचलं असतं.

शेवटचा थांबा इंद्रधनुषी दरीचा. लाल, पिवळे, जांभळे डोंगर. तिथं दोर्सा बराच वेळ एका दगडाआड बसली होती. नाझिलाला वाटलं शू करतेय.

धक्क्यावर परतले तेव्हा बोट लागलेली होती. दहा-बारा पाहुणे, चहावाला, मेंदीवाल्या बायका, टमटमवाले, सगळे होते. हूमननं उतरताना हळूच म्हटलं, “पुढच्या वर्षी नवरोजच्या सुट्टीत आणतो. नक्की.” झैतूननं मान हलवली. झालं होतं. पार पडलं होतं. अर्धा दिवस तिनं तोंड शिवून काढला होता आणि त्याचं फळ म्हणून तिला आणखी एक अर्धा दिवस मिळणार होता.

“झैतून!” गनीनं हाळी दिली. “त्या पोरीच्या पिशवीत काय आहे बघ!”

दोर्साच्या खांद्यावरच्या जाळीच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. बाटलीत पाणी नव्हतं. गळ्यापर्यंत लाल.

सगळ्यांचे डोळे तिकडं वळले. गनी पुढं आला. त्याच्या पोटात पाप नव्हतं, हिवाळ्यातला हिशेब चुकता करायची हौस तेवढी होती. “आत्ताच माझ्या पाहुण्यांना मी सिमेंटवर बूट झाडायला लावले, तुझ्या भीतीनं! आता तुझी पाळी. ओत म्हणाव. का ही बेटाची लेक आहे? सांग की! बेटाची लेक असेल तर खुशाल नेऊ दे, आम्ही अजून दोन मुठी घालतो वरून!”

लोक हसले. हूमनचा चेहरा मिठासारखा पांढरा पडला. नाझिला एक पाऊल पुढं आली आणि अगदी हळू म्हणाली, “नेऊ दे ना तिला, खाला. तिची आहे ती.”

तिला कळलंय. झैतूनला तेव्हा समजलं. तिला कळलंय आणि ती देतेय.

एक ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो, बेटाची लेक आहे.’ मग गनीनं विचारलं असतं, कुणाची? मेंदीवाल्या बायका पुढं सरकल्या असत्या, हनुवटी धरून म्हणाल्या असत्या, अगं, ही तर मर्वारीदची! तीच नाही का, तापानं गेली! आणि ती पोर पिवळी टोपी घालून एवढ्या गर्दीत उभी राहून ऐकणार की जिचा हात धरून आपण आलो ती आपली आई नाही, आणि जी आई होती ती मेली. चहावाल्याच्या तोंडून ऐकणार. झैतूननं पोरीकडं बघितलं. पोर तिच्याकडंच बघत होती, अगदी भरवशानं. आपल्या बाजूनं बोलेल असं एकच माणूस त्या धक्क्यावर आहे, असं.

“नाही,” झैतून म्हणाली. “लेक नाही. पाहुणी आहे, अर्ध्या दिवसाची.” मग ओंजळ पुढं केली. “ओत, बाळ.”

“पण ही माझ्यासाठी नाहीये!” दोर्सा म्हणाली. “त्या मुलीसाठी आहे! तुम्हीच म्हणालात तिची संपली असेल! मी शोधून देणार होते तिला!”

“तिला नको आता.”

“तुम्हाला काय माहीत? तुम्ही विचारलंत तिला?”

“तिच्याकडे आहे माती,” झैतून म्हणाली. “पुष्कळ आहे.”

पोरीनं बापाकडं बघितलं. बाप बोटीकडं बघत होता. तिनं झाकण उघडलं आणि बाटली उपडी केली. माती ओंजळीत पडली, गरम, उन्हानं तापलेली. बुडाशी थोडी ओलसर होती, ती चिकटून राहिली. एवढी राहिली तर राहू दे, असं झैतून म्हणणार होती. पण पोरीनं बाटलीच तिच्या टमटममध्ये भिरकावली.

“घ्या! सगळी घ्या! मला तुम्ही आवडला होतात,” ती रडत म्हणाली. “ती मुलगी येत नाही ते बरोबर आहे. मीपण नाही येणार. बाबा, आपण इथं पुन्हा कधी यायचं नाही. कधीच नाही. शप्पथ घ्या.”

“बरं,” हूमन म्हणाला. “बरं, चल.”

बोट सुटली. पोर आत जाऊन पलीकडच्या बाजूला बसली, टोपी तेवढी दिसत होती. नाझिला कठड्याशी उभी होती. तिनं हात वर केला. झैतूनला हात करता आला नाही, ओंजळ भरलेली होती.

धक्का रिकामा झाला. ती तशीच उभी. गनी जवळ आला, आता जरा दबकत.

“काय गं, टाक की ती. नाहीतर पिशवीत भर.”

ती हलली नाही. गनीनं तिच्याकडं बघितलं, मग बोटीकडं, मग पुन्हा तिच्याकडं. सकाळपासूनच्या गोष्टी त्याच्या डोक्यात एकेक करून जागेवर बसल्या. नंबर. मुखवटा. खाली घातलेली मान.

“तो… हूमन होता?” त्यानं विचारलं. “मी नाचलो होतो गं त्याच्या वरातीत. ओळखलाच नाही. केस पांढरे झाले त्याचे.” मग त्यानं कपाळावर हात मारला. “या खुदा. आणि मी विचारलं…”

“विचारलंस,” झैतून म्हणाली. “सगळ्या गावादेखत विचारलंस, तुझ्या जिभेला कीड पडो! तिला नाही, मला विचारलंस!” तिचा आवाज धक्काभर घुमला आणि मग एकदम तुटला.

गनीनं तिला दंडाला धरून तिच्याच टमटममध्ये मागं बसवलं, जिथं पाहुणे बसतात तिथं. स्वतः पुढं बसला. ओंजळ धरून हँडल धरता आलं नसतं. त्यानं खड्डे चुकवत चुकवत गाडी नेली.

“डोंगराकडं घेऊ?” त्यानं फाट्यावर विचारलं. “रोजच्यासारखी पायथ्याशी टाकायला?”

ती ओंजळीकडं बघत होती. मुखवट्याखालून पाणी गळून माती ठिकठिकाणी काळी पडली होती.

“घरी,” ती म्हणाली.

वाटेत जुना किल्ला मागं गेला, बोरीचं झाड दिसायला लागलं.

“दोन खाल्ल्या तिनं,” झैतून म्हणाली. “दुसरी स्वतः मागून घेतली, गनी. बोटं चाटून.”

गनीनं वळून बघितलं नाही.

“सूराग घालून?” त्यानं विचारलं.

“सूराग घालून.”